दोन्ही बुटके, मग पिल्लं उंच कशी? जपानी बँटमच्या पायांचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वर्षापूर्वी जपानी बँटम या छोट्या जातीच्या कोंबड्यांची जोडी विकत घेतली. नर-मादी दोघंही अगदी बुटके, पोट जमिनीला टेकतंय की काय असे. त्यांची १३ अंडी उबवणी यंत्रात ठेवली. सातव्या दिवशी बॅटरी लावून पाहिलं तर २ कोरी, म्हणजे फलित न झालेली, आणि ३ मध्ये नुसतं रक्ताचं कडं. पुढे २ पिल्लं पूर्ण वाढून कवचातच मेली, ६ बाहेर आली. त्या सहांत ४ बुटकी आणि २ चांगली लांब पायांची. विकणारा म्हणतो तुमचं यंत्र खराब. मित्र म्हणतो जोडीच भेसळीची, उंच पिल्लं काढून टाक. खरं कोण, असं तुम्ही विचारताय.

मित्र पूर्ण चुकलाय. विकणारा दोन अंड्यांपुरता बरोबर असेल. बाकी तुमच्या यंत्रातून जे निघालं ते जवळजवळ पुस्तकी आहे. मी बावीस वर्षं हे पक्षी पाळतोय आणि प्रत्येक घाण्याची वही ठेवतो. इतका चोख आकडा माझ्या वहीतही क्वचित दिसतो.

तेव्हा खरा प्रश्न यंत्राचा नाही, फसवणुकीचाही नाही. बुटके पाय या पक्ष्यात येतात कसे, हा आहे. तो कळला की उंच पिल्लांचं काय करायचं हे आपोआप कळेल.

या पक्ष्याचं बुटकेपण एका जनुकामुळे येतं. क्रीपर म्हणतात त्याला, म्हणजे सरपटणारा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. एक प्रत क्रीपरची आणि एक साधी असेल तर पक्षी बुटका. दोन्ही साध्या असतील तर पाय नेहमीसारखे लांब. आणि दोन्ही क्रीपरच्या आल्या तर पिल्लू जगतच नाही. बहुतेक गर्भ उबवणीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मरतात. म्हणजे जगात जितके बुटके जपानी बँटम फिरताहेत, तुमच्या जोडीसकट, त्या सगळ्यांच्या अंगात एक क्रीपर आणि एक साधी अशीच जोडी आहे. दुसरा पर्यायच नाही. हा वाण बुटकेपणात 'पक्का' कधीच होऊ शकत नाही, शंभर पिढ्या निवड केली तरी.

आता बुटका नर आणि बुटकी मादी लावली की हिशेब रुपया-आण्यात मांडा. फलित अंडी म्हणजे सोळा आणे. त्यातले चार आणे दोन्हीकडून क्रीपर घेतात आणि बहुतेक आठवड्याच्या आत संपतात. आठ आणे बुटके होतात. चार आणे दोन्हीकडून साधी प्रत घेऊन उंच होतात. जगलेल्या बारा आण्यांत आठ बुटके, चार उंच, म्हणजे दोनास एक. तुमची फलित अंडी होती ११. त्यांचे चार आणे म्हणजे पावणेतीन, तुमची कडी दिसली ३. जगलेल्या सहांत ४ आणि २. एवढ्या थोड्या अंड्यांत आकडा असा जुळणं हा निव्वळ योग आहे, पुढच्या खेपेला ५ उंच आणि १ बुटकं निघालं तर दचकू नका. तीस-चाळीस पिल्लं झाली की सरासरी दिसायला लागते.

हे काही नवीन संशोधन नाही. लँडाउअर आणि डन या जनुकशास्त्रज्ञांनी १९३० मध्येच क्रीपर कोंबड्यांवर सविस्तर काम छापलं होतं. अलीकडे डीएनए तपासल्यावर कळलं की या कोंबड्यांच्या सातव्या गुणसूत्रावरचा जवळपास १२ हजार अक्षरांचा एक तुकडाच गळालेला असतो. त्या तुकड्यात जे जनुक जातं त्याचं काम कूर्चेपासून हाडाची लांबी वाढवण्याचं. एक प्रत उरली तर हाड आखूड राहतं, एकही उरली नाही तर गर्भाचं काही चालत नाही. गंमत म्हणजे त्या जनुकाचं नाव आहे 'इंडियन हेजहॉग'. आपल्याकडे आढळणाऱ्या एका काटेरी पाठीच्या छोट्या प्राण्यावरून ते ठेवलंय. जपानी कोंबडीचे पाय, आणि नाव आपल्याकडचं.

यंत्राची शंका कशी फेडायची तेही सांगतो, कारण दोन्ही प्रकारची मरणं तुमच्या घाण्यात आहेत आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. क्रीपरची मरणं लवकरची. सातव्या रात्री अंधारात अंडं बॅटरीवर धरलं की जिवंत अंड्यात कोळ्यासारखं दिसतं, मध्ये ठिपका आणि चौफेर पसरलेल्या बारीक लाल रेषा. मेलेल्यात त्या रेषा विरून रक्त एका रिंगणात गोळा झालेलं असतं, बांगडीसारखं. ही बांगडी उष्णता चुकल्यानेही पडते, पण उष्णता चुकली तर ती अर्ध्या घाण्यात पडेल, पावात नाही. शंका असेल तर पुढच्या वेळी त्याच यंत्रात चार-सहा गावठी अंडी शेजारी ठेवा. गावठी नीट फुटली आणि बँटममध्येच पाव भाग बांगड्या पडल्या, की यंत्राचा खटला निकाली.

पूर्ण वाढून कवचात मेलेली दोन मात्र क्रीपरच्या खात्यावर टाकू नका. दुहेरी क्रीपर असलेला एखादा गर्भ क्वचित शेवटच्या आठवड्यापर्यंत तग धरतो, पण त्याचे हातपाय खुंटलेले असतात, अंडं फोडून पाहिलं की लगेच कळतं. तुम्ही लिहिलंय की दोन्ही पिल्लं 'चांगली दिसत होती'. मग कारण दुसरं. माझा पहिला संशय अंड्यांच्या वयावर. एका मादीची १३ अंडी म्हणजे तुम्ही ती निदान दोन-तीन आठवडे साठवली असणार, बँटम रोज अंडं देत नाही. सात दिवसांपर्यंत साठवलेलं अंडं उत्तम, दहापर्यंत चालतं, त्यापुढे उबवण घसरत जाते. दुसरा संशय दमटपणावर. बँटमचं अंडं लहान, माझ्याकडे साधारण २८ ते ३० ग्रॅम भरतं, आणि लहान अंडं मोठ्यापेक्षा लवकर सुकतं. अठराव्या दिवसापर्यंत त्याचं वजन ११ ते १३ टक्के उतरायला हवं. सोनाराकडचा असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या आणि पाच-सहा अंड्यांवर पेन्सिलीने वजन लिहून ठेवा, पाण्याचं भांडं वाढवायचं की कमी करायचं ते अंडीच सांगतील. तिसरं, बँटमची पिल्लं बरेचदा विसाव्याच दिवशी फुटतात, त्यामुळे अंडी फिरवणं अठराव्याला बंद केलंच पाहिजे. आणि वीज किती वेळा गेली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावरही बरंच अवलंबून आहे.

आता उंच पिल्लं. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीची तीन-चार वर्षं मीही तुमच्या मित्रासारखाच विचार करत होतो. उंच निघालं की शेजारी देऊन टाकायचं, तिथे त्याचं काय व्हायचं ते मी विचारत नसे. फक्त बुटक्याला बुटकं लावायचं. दर घाण्याला बांगड्या पडत आणि मी यंत्राला शिव्या देत दोन थर्मोस्टॅट बदलले. पुढे पुढे तर कोरी अंडीच वाढली. नर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. इतक्या आखूड पायांवर, वर ती उभी शेपटी आणि लोंबते पंख घेऊन जमणार तरी कसं? एका म्हाताऱ्या कोंबडेवाल्याने माझं खुराडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "उंच नर कुठंय तुझा?" मी म्हटलं उंच ठेवतच नाही. तो हसला आणि चहा पिऊन निघून गेला. पुढचं मला वाचून शोधावं लागलं.

हिशेब असा आहे. एक बाजू बुटकी आणि एक उंच लावली, तर दुहेरी क्रीपर तयारच होऊ शकत नाही, कारण उंचाकडे द्यायला ती प्रतच नाही. चार आण्यांची मरणं बंद. पिल्लं निम्मी बुटकी, निम्मी उंच. आता २४ फलित अंडी घ्या. बुटका-बुटकी जोडीतून ६ मरतील, १२ बुटकी, ६ उंच. बुटका-उंच जोडीतून एकही या कारणाने मरणार नाही, १२ बुटकी, १२ उंच. बुटकी दोन्हीकडे बाराच! बुटक्याला बुटकं लावून जास्त बुटकी मिळतात हा समज इतका पसरलाय, आणि तो नुसत्या बोटांवर मोजून खोटा ठरतो. फायदा काहीच नाही, सहा गर्भ मात्र हकनाक जातात. उंच नर आणि उंच मादी लावली तर सगळी उंच, एकही बुटकं नाही, म्हणून तेवढी जोडी टाळायची.

नर उंच घ्यायचा की मादी, यावर पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. जनुकाच्या हिशेबाने फरक शून्य. मी नर उंच घेतो, कारण त्याला चढायला सोपं जातं आणि माझी कोरी अंडी त्यानंतरच कमी झाली. पण तुमचा बुटका नर तरुण आणि चपळ असेल, तर त्याला उंच तलंग लावूनही छान चालतं. बुटका नर ठेवायचाच असेल तर दोघांच्याही मागच्या बाजूची, गुदद्वाराभोवतीची पिसं कात्रीने बारीक करून घ्या. शेपटीला हात लावायचा नाही. एवढ्याशा कामाने फरक पडतो.

एक अडचण मात्र कबूल केली पाहिजे. प्रदर्शनवाले बुटका-बुटकी लावतात त्यामागे अगदीच अडाणीपणा नाही. उंच पक्षी कोणी स्पर्धेत मांडत नाही, त्यामुळे त्याची शेपटी, तुरा, बांधा यांकडे दुर्लक्ष होतं आणि वाण त्या बाजूने ढासळतो. यावर उपाय म्हणजे उंच पिल्लांचीही तितकीच कडक निवड करायची. पाय झाकून पाहिल्यासारखं पाहा. बाकी सगळा पक्षी जपानी बँटम असला पाहिजे.

तो बाकीचा पक्षी म्हणजे काय? इथेच तुमच्या मित्राच्या भेसळीच्या शंकेचं उत्तर आहे. क्रीपर एका प्रतीनेच दिसतो. बुटका बँटम नर साध्या गावठी कोंबडीला लावला तरी निम्मी पिल्लं बुटकी निघतात, आणि तशी पिल्लं 'जपानी' म्हणून खपवणारे आहेतच. तेव्हा आखूड पाय म्हणजे शुद्धतेचा दाखला नाही, आणि लांब पाय म्हणजे भेसळीचा पुरावाही नाही. हाच जनुक स्कॉटलंडच्या डंपी आणि जर्मनीच्या क्रूपर जातींतही आहे, त्या काही जपानी बँटम नव्हेत. दाखला बघायचा शेपटीत. ती सरळ उभी हवी, डोक्याच्या वर जाणारी, नराची तर जवळजवळ तुऱ्याला टेकणारी, मधली दोन पिसं तलवारीसारखी किंचित वळलेली. पाठ इतकी आखूड की मान आणि शेपटी यांच्यात इंग्रजी 'यू' दिसावा. पंख लांब, टोकं खाली लोंबलेली. नराचा तुरा अंगाच्या मानाने भलामोठा, एकेरी, उभा. आणि वजन. ब्रिटिश मानकात नर ५१० ते ६०० ग्रॅम आणि मादी ४०० ते ५१० ग्रॅम आहे. जपानी आणि अमेरिकी मानकं थोडी सैल, नर ७३० च्या आसपास. तुमचा नर किलोला टेकत असेल तर मात्र गावठी रक्त आहे असं धरून चाला.

जपानमध्ये याला चाबो म्हणतात. हे नाव चंपा, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधल्या जुन्या राज्यावरून आलं असं मानतात, तेव्हा मूळ पक्षी समुद्रमार्गे तिथे पोचला असावा. आपण 'बँटम' म्हणतो तो शब्दही जावातल्या बांतेन बंदराचा. पण आज दिसतो तो डौल जपानी बागांत घडला. १९४१ मध्ये तिथल्या सरकारने चाबोला नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिलं. पांढरं अंग आणि काळी शेपटी असा जो प्रकार आपल्याकडेही सर्वांत जास्त दिसतो, त्याला तिथे कात्सुरा म्हणतात. उलट्या पिसांचा, म्हणजे फ्रिझलचाही प्रकार आहे. तो घेतलात तर फ्रिझलला फ्रिझल लावू नका, पिसं ठिसूळ होऊन गळतात आणि पक्षी उघडा पडतो.

थोडं पाळण्याबद्दल, कारण तुम्ही कोकणात आहात असं लिहिलंय आणि बुटक्या पक्ष्याची मला तिथेच जास्त काळजी वाटते. या पक्ष्याचं पोट जमिनीपासून दोन बोटं वर असतं. ओल्या अंगणात अर्धा तास सोडला की छाती-पोटाची पिसं चिंब होतात, लोंबते पंख चिखल ओढतात, आणि संध्याकाळी हातात घेतला तर अंग गार लागतं. पावसाचे चार महिने त्याला कोरड्या छपराखालीच ठेवा. खाली भाताचं तूस पसरा, पण दोन इंचांपेक्षा जास्त नको. पेंढा तर नकोच, आखूड पाय अडकतात. बसायची दांडी वीतभर उंचीची पुरे, आणि खुराड्याच्या दाराला उतरती फळी लावा. कडक उन्हाळ्यात उलटं. तो मोठा तुरा उष्णता टाकायला उपयोगी, पण तापलेली फरशी पोटालाच भाजते. दुपारी माती ओली करून सावलीत जागा ठेवली की ते स्वतःच उकरून बसतात.

मानमोडी आणि देवीच्या लसी गावठीसारख्याच, त्या चुकवू नका. पिल्लांना पहिल्या दिवशी मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस मिळाली तर सोनं. अडचण अशी की ती बाटली हजार डोसची येते आणि उघडली की तासा-दोन तासांत वापरावी लागते, सहा पिल्लांसाठी कोण फोडणार? जवळपास एखादी हॅचरी असेल तर त्यांच्या लसीच्या दिवशी आपली पिल्लं घेऊन जायची, असं जमवता आलं तर पाहा.

आणि यंत्राचा एवढा घोर कशाला? चाबो मादी खुडूक व्हायला एका पायावर तयार असते. तिच्याखाली तिचीच सहा-सात अंडी मावतात, जास्त ठेवू नका, कडेची गार पडतात. माझी एक पांढरी मादी पाच पावसाळे रवणाला बसली आणि तिने माझ्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त पिल्लं फोडली. फक्त पिल्लं पहिल्या आठवड्यात पाण्याच्या खोल भांड्यात पडतात, म्हणून भांड्यात गोट्या टाका.

आता तुमच्या सहा पिल्लांचं. पायांचा फरक पहिल्या दिवशी शेजारी धरून पाहिला तर जाणवतो, दहाव्या दिवशी कुणालाही दिसतो, म्हणजे तुमची मोजणी बरोबर असणार. उंच दोघांच्या पायात आत्ताच रंगीत कडी घाला, नाहीतर पुढे तुमची आणि गावठीची गल्लत होईल. चार-पाच महिन्यांनी शेपटी आणि तुरा पाहून ठरवा. त्यातला एक जरी चांगल्या शेपटीचा नर निघाला, तरी त्याला आईवर किंवा बहिणींवर सोडू नका. कुणाकडून दोन बाहेरच्या बुटक्या माद्या मिळवा. आणि मादी निघाली तर तिच्यासाठी बाहेरचा बुटका नर. तोवर जुन्या जोडीची अंडी खाऊन टाका, किंवा खुडूक बसली तर बसू द्या. पण १३ साठेपर्यंत थांबू नका, सात दिवसांची तारीख पेन्सिलीने अंड्यावरच लिहा. आणि पुढच्या घाण्याच्या बांगड्या मोजून मला इथे कळवा, माझ्या वहीत त्यांना जागा आहे.